‘दिसलं!’ म्हणायला किती पट लागतात?

येळवशीच्या दिवशी निलंग्याच्या आसपासच्या एखाद्या टेकाडावर उभं राहिलं, की सगळं शिवार माणसांनी फुललेलं दिसतं. मार्गशीर्ष अमावस्या असते. ज्वारी उंच झालेली, हरभरा फुलोऱ्यात आलेला, आणि रानारानांत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली. गाव रिकामं आणि सारी वर्दळ काळ्या रानात. लांबचं न्याहाळायला आमच्या भागात याहून चांगला दिवस नाही.

अशाच एका येळवशीला मी माझी दुर्बीण तिपाईसकट टेकाडावर नेली. पक्षी पाहायची दुर्बीण, पुढचं भिंग 80 मिलिमीटरचं, पट 20 ते 60 पर्यंत फिरवता येणारी. लोकांना चांगलं जवळचं दिसावं म्हणून मी ती थेट 60 पटीवर ठेवली आणि दोन किलोमीटरवरच्या एका कोपीवर रोखली. पहिल्या मावशींनी डोळा लावला. जरा वेळाने डोकं मागे घेऊन म्हणाल्या, “काहीच दिसंना की रं लेकरा, नुसतं हालायलंय.” त्यांच्या मागे रांगेत आठ-दहा जण. कुणाला काळोख दिसला, कुणाला स्वतःच्या पापण्या, एका पोराचा हात तिपाईला लागला आणि कोप कायमचीच हरवली. शेवटी मी पट उतरवून 20 वर आणली आणि मावशींना पुन्हा बोलावलं. डोळा लावून दोन क्षण झाले नाहीत तोच त्या ओरडल्या, “आगं बया, दिसलं! ती बघ आमची कोप, लेकरं पळायलीत!”

त्या दिवसापासून सार्वजनिक दुर्बिणीसाठी मी एकच मोजमाप मानतो. डोळा लावल्यापासून ‘दिसलं!’ हा शब्द तोंडातून निघेपर्यंत किती वेळ जातो, ते मोजायचं. पट ठरवायची ती या शब्दासाठी.

हे सगळं लिहायचं कारण असं, की डोंगरावरची देवस्थानं, धरणाचे बांध, शाळांच्या गच्च्या अशा ठिकाणी दुर्बीण बसवावी असं आता बऱ्याच गावांत बोललं जातं. खरोशाच्या लेण्यांचा डोंगर, उदगीरजवळचं हत्तीबेट, मसलगा प्रकल्पाचा बांध, अशा जागा डोळ्यांसमोर आणा. आपल्या लातूर जिल्ह्यात सह्याद्रीसारखे कडे नाहीत. सपाट माळ, मधूनच उठलेली टेकाडं आणि लांबवर पसरलेलं शिवार. इथं थोडीशी उंचीही पुष्कळ दाखवते. भोवतालच्या जमिनीपेक्षा तुम्ही किती मीटर उंच आहात त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला 3.57 ने गुणा. सपाट प्रदेशात क्षितिज साधारण तितके किलोमीटर दूर असतं. म्हणजे 36 मीटरच्या टेकाडावरून 21 किलोमीटर. एवढं मोठं शिवार समोर असताना ग्रामपंचायत किंवा विश्वस्त मंडळ दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतं तो हा: “जास्तीत जास्त किती पटीची आहे?” मी म्हणतो, हा प्रश्न विचारूच नका. त्याच्या जागी विचारायचे प्रश्न पुढे आहेत.

पट म्हणजे काय, ते आधी पक्कं करू. त्यासाठी एक सोपा भागाकार पुरतो: अंतर भागिले पट. दोन किलोमीटरवरची कोप 20 पटीत पाहिली, तर ती 100 मीटरवरून नुसत्या डोळ्यांनी दिसावी तेवढी दिसते. 8 पटीत पाहिली तर 250 मीटरवरून. 60 पटीत, 33 मीटरवरून. शंभर मीटरवरून माणूस काय करतोय ते कळतं, बाई की बाप्या ते कळतं, बैल की म्हैस ते कळतं, लुगड्याचा रंग कळतो. चेहरा कळत नाही. आपल्या ओळखीच्या माणसाला आपण चालण्यावरून ओळखतो, ते त्या अंतरावर जमतं. टेकाडावर येणाऱ्या माणसाला बहुधा एवढंच हवं असतं: आपलं गाव कोणतं, आपलं रान कोणतं, देवळाचं शिखर कुठे, पाणी कुठवर आलंय.

म्हणून पहिलं काम कागदावर करायचं. त्या जागी उभं राहून, नुसत्या डोळ्यांनी, लोक बोटं दाखवून काय काय दाखवतात ते टिपून घ्या. प्रत्येकाचं हवाई अंतर नकाशावर मोजा. रस्त्याचं अंतर धरू नका, आपल्याकडचे रस्ते वळसे घेतात. बहुतेक ठिकाणी असं आढळेल, की लोकांना आवडणाऱ्या गोष्टी अर्ध्या किलोमीटरपासून पाचेक किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात आहेत. त्या सगळ्यांना 15 ते 20 पट पुरते. वीस किलोमीटरवरची एखादी गोष्ट यादीत असेल, साखर कारखान्याची चिमणी किंवा पवनचक्की, तर ती 20 पटीत एक किलोमीटरवर आल्यासारखी दिसेल. तिची ओळख पटायला तेवढं पुरे.

इथं कुणी म्हणेल, पाच किलोमीटरवरचं देऊळ 60 पटीत पाहिलं तर त्यावरचं कोरीवकामही दिसेल. भागाकार तसं म्हणतो खरा. पण मधे हवा आहे.

आमच्या भागात उन्हाच्या झळा हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. काळी जमीन ऊन पिऊन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर उठते, वरची गार हवा खाली येते, आणि या उलथापालथीत प्रत्येक थर प्रकाशाला वेगळा वळवतो. रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं, तेही याच कारणाने. नुसत्या डोळ्यांना ही थरथर थोडी दिसते. दुर्बीण मात्र जितकी पट कोप मोठी करते तितकीच पट ही थरथरही मोठी करते. 20 पटीत कोपीच्या कडा जरा लवलवतात. 60 पटीत कोप उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखी दिसते. भिंग जर्मनीचं असो की जपानचं, त्याला इथं काही करता येत नाही.

हिशेब असाही मांडता येतो. निरोगी डोळा साधारण एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा पाहू शकतो. एक किलोमीटरवर तो होतो सुमारे 29 सेंटिमीटर. 20 पटीची चांगली दुर्बीण त्याला दीड सेंटिमीटरवर आणते. 80 मिलिमीटरचं भिंग याहूनही बारीक पाहू शकतं, 40 पटीपर्यंत त्याची ताकद सहज वापरता येते. पण ही झाली रात्रीच्या निवांत हवेतली गोष्ट. चैत्र-वैशाखात सकाळी दहानंतर तापलेल्या रानावरून पाहताना हवाच इतकी ढवळलेली असते, की 20-25 पटीपुढे बारकाव्यात जवळजवळ भर पडत नाही, फक्त चित्र फुगतं आणि अंधुक होतं. पक्षिनिरीक्षकांचाही दुपारचा अनुभव हाच आहे. त्यांच्या दुर्बिणी 60 पटीपर्यंत जातात, पण दुपारी पट बदलायची कडी ते खालच्या टोकाला फिरवून ठेवतात.

ऋतू आणि वेळ यांचाही इथं मोठा हात आहे. पावसाची सर येऊन गेल्यावर धूळ खाली बसते, जमीन गार होते आणि तासाभरासाठी सगळं धुतल्यासारखं स्वच्छ दिसतं. आश्विन-कार्तिकातल्या सकाळी, सूर्य उगवल्यानंतरचे पहिले दोन तास, हे वर्षातलं सर्वांत सुंदर पाहणं. पौषात पहाटे नदी-तलावांवर धुकं साचतं, ते निवळेपर्यंत थांबावं लागतं. उसाचं पाचट जाळायचे दिवस आले की धुराचा पडदा असतो. आणि उन्हाळ्यात धुळीचा. धूर, धूळ, धुकं या तिन्हींपुढे पट वाढवून काहीच उपयोग होत नाही, कारण दुर्बीण दृश्याबरोबर त्यावरचा पांढुरका पडदाही तेवढाच मोठा करते. यावरून एक नियम ध्यानात ठेवावा: जे नुसत्या डोळ्यांना पुसटसुद्धा दिसत नाही असं डोंगराएवढं काही असेल, तर ते दुर्बिणीतूनही दिसणार नाही.

आता डोळ्याकडे येऊ. त्या येळवशीला रांगेतल्या कुणाला काळोख आणि कुणाला पापण्या का दिसल्या, त्याचं उत्तर दुसऱ्या एका भागाकारात आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. दुर्बीण उजेडाकडे धरून आयपीसपासून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापासून, हातभर लांबून पाहिलं तर त्यात उजेडाचा एक लहान गोल ठिपका दिसतो. सगळा प्रकाश त्या ठिपक्यातून बाहेर पडतो आणि तो आपल्या बाहुलीवर नेमका पडावा लागतो. 80 मिलिमीटरचं भिंग आणि 20 पट, तर ठिपका 4 मिलिमीटरचा. 60 पट, तर 1.3 मिलिमीटरचा. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते. ठिपका तिच्याहून मोठा असला, की डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी चित्र सुटत नाही. तो तिच्याहून लहान असला, की चित्र अंधारतं, आणि सवय नसलेल्या माणसाला डोकं नेमक्या जागी धरताच येत नाही. त्यातून ठिपका एक मिलिमीटरच्या घरात आला, की डोळ्याच्या आत तरंगणारे धागे आणि ठिपके दिसायला लागतात. साठीच्या पुढच्या माणसांना ते जास्त असतात. बिचारी माणसं घाबरतात, आपल्या डोळ्यांत काही बिघडलं म्हणून.

दुर्बिणीच्या अंगावर 20 बाय 60, 20 बाय 80 असे आकडे असतात. पहिला पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागा आणि उत्तर तीनच्या खाली आलं, तर ती सार्वजनिक जागी बसवू नका. माझं मत विचाराल तर चारच्या आसपास हवं. उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर लोक डोंगरावर येतात, उजेड कमी होत जातो, बाहुली मोठी होते, तेव्हा तो चारचा आकडा कामी येतो.

याच्याच जोडीला आणखी एक माप असतं: आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते. चष्मा लावून पाहणाऱ्याला किमान 16 ते 18 मिलिमीटर लागतात. हे माप चांगलं असलं की माणूस चष्मा न काढता पाहू शकतो आणि डोळा रबराला टेकवावाही लागत नाही. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, ते आठवा. शंभर माणसांचे डोळे एकाच रबराला टेकणार असतील तर ही गोष्ट पटीइतकीच महत्त्वाची आहे. कमी पटीच्या दुर्बिणीत असं अंतर सहज मिळतं. स्वस्तातल्या जास्त पटीच्या दुर्बिणीत डोळा अगदी काचेला भिडवावा लागतो.

तिसरा मुद्दा सापडण्याचा. मला हा सगळ्यांत मोठा वाटतो.

20 पटीच्या रुंद चित्राच्या चांगल्या दुर्बिणीत एका वेळी साधारण तीन अंश दिसतात. दोन किलोमीटरवर ते होतात 105 मीटर, एका रानाच्या बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत. 60 पटीत एक अंश, म्हणजे 35 मीटर. आता कल्पना करा, उभं शिवार समोर पसरलंय, त्यात 35 मीटरचं एक भोक पडलंय, आणि त्या भोकातून एका पोराला आपल्या आजोबाची विहीर शोधायचीय. ते दुर्बीण एक बोट हलवतं आणि गाव सरकून जातं. पुन्हा शोधायचं तर कुठून कुठे हलवायची तेच कळत नाही, कारण एक हिरवा तुकडा दुसऱ्या हिरव्या तुकड्यासारखाच दिसतो.

1993 च्या 30 सप्टेंबरच्या भूकंपानंतर आपल्या भागात कितीतरी गावं नव्या जागी वसली. उंचावरून ती लगेच ओळखू येतात: सरळ रेषेतले रस्ते, एकसारख्या ओळी, आणि थोड्या अंतरावर जुन्या गावठाणाची झाडं. आजही माणसं उंचावर आली की आधी तिकडे बोट करतात. पाच किलोमीटरवर तीन अंशांत 260 मीटर मावतात. नव्या गावाचा चांगला मोठा भाग, त्याच्या कडेची झाडं, जोडणारा रस्ता असं मिळून दिसतं. 60 पटीत 87 मीटर, म्हणजे पत्र्यांच्या चार ओळी. कोणत्या गावाच्या, ते सांगता येत नाही. आपल्या गावाची ओळख त्याच्या आजूबाजूवरून पटते, आणि आजूबाजू दिसायला चित्र रुंद लागतं.

आता महाबळेश्वर-माथेरानच्या पॉइंटांवर दुर्बिणी घेऊन उभ्या असणाऱ्यांची गोष्ट. ते तर बऱ्याच पटीच्या दुर्बिणीतून दाखवतात आणि लोकांना दिसतंही, मग आपल्याकडे का नाही? मुंबई पॉइंटवरून प्रतापगड हवाई अंतराने सात-आठ किलोमीटरवर असेल. तो माणूस दुर्बीण नेमकी गडावर रोखून ठेवतो, फोकस लावून ठेवतो, तुमचा हात तिला लागू देत नाही, आणि तोंडाने सांगत असतो की वर देऊळ आहे, खाली दरवाजा आहे. शोधायचं काम तो करतो, तुम्ही फक्त पाहता. शिवाय मधे खोल, हिरवी, दमट दरी आहे, तापलेलं काळं रान नाही. त्याचं कसब हे त्या दुर्बिणीचा अर्धा भाग आहे. ज्या दुर्बिणीजवळ असा माणूस कायम उभा राहणार असेल, तिथं 30 पट द्यायला माझी हरकत नाही. जी दुर्बीण एकटी उभी राहणार आहे, तिची पट कमीच हवी.

हाच फरक पक्ष्यांच्या बाबतीत. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथं निरीक्षण मनोरे आहेत आणि पक्षी ओळखणारे वाटाडे आहेत. मराठवाड्यात जायकवाडीच्या पाण्यावर रोहित येतात. आपल्या मसलग्यासारख्या लहान जलाशयांवरही हिवाळ्यात बदकं उतरतात. 800 मीटरवरच्या बदकाचं डोकं कोणत्या रंगाचं ते पाहायला 20 पट अपुरी पडते, 30 लागते. तेव्हा बांधावरची दुर्बीण मुख्यतः पक्ष्यांसाठी असेल आणि सुट्टीच्या सकाळी शाळेतले गुरुजी किंवा एखादा जाणता पोरगा सोबत उभा राहणार असेल, तर 25 ते 30 पटीचं, रुंद चित्राचं, न बदलणारं आयपीस घ्या. पाणी रानाइतकं तापत नसल्याने सकाळी त्यावरून पाहताना झळाही कमी लागतात.

झूम घ्यावं का? विक्रेता नक्की सांगेल, 20 पण आहे आणि 60 पण आहे, मग काय वाईट? दोन गोष्टी वाईट आहेत. एक, बहुतेक झूम आयपीसचं चित्र खालच्या पटीत अरुंद होतं. 20 पटीत तीन अंशांऐवजी दोनच अंश मिळतात, दोन किलोमीटरवर 105 च्या जागी 70 मीटर. दुसरं, जिथं कडी आहे तिथं ती फिरणारच, आणि फिरवणारा ती सर्वांत मोठ्या आकड्यावर सोडून जाणार. पुढच्याला काळोख. मी स्वतः हेच केलं होतं, तर परक्याला काय बोलावं.

फोकसचंही गणित पटीवरच बसलेलं आहे, आणि ते पटीच्या वर्गाने बिघडतं. दुर्बीण लांबवर फोकस करून ठेवली, तर चाळिशी ओलांडलेल्या, पण डोळ्यात अजून थोडा लवचीकपणा असलेल्या माणसाला 20 पटीत साधारण 200 मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट दिसू शकतं, चाक न फिरवता. 60 पटीत त्यालाच 1800 मीटरच्या अलीकडचं धूसर दिसेल. तिप्पट पट, नऊपट अडचण. म्हणून कमी पटीच्या दुर्बिणीत फोकस एकदा लावून ठेवला तरी रांग पुढे सरकत राहते.

कमी पट पुरते याचा दाखला जुनाच आहे. गॅलिलिओने ऑगस्ट 1609 मध्ये व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या घंटामनोऱ्यावर तिथल्या सभासदांना दुर्बीण दाखवली. उंच जागेवरून, परक्या माणसांना, लांबचं दृश्य दाखवायची ही जगातली सुरुवातीची नोंद म्हणायला हरकत नाही. ती दुर्बीण होती आठेक पटीची. तेवढ्यात नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी जहाजं दिसली आणि म्हातारे सभासद जिने चढून पाहायला गेले. 20 पटीची त्याने पुढे केली, ती आकाशासाठी.

आकाशावरून आठवलं. देणगीतून मिळते म्हणून ग्रहतारे पाहायची दुर्बीण डोंगरावर बसवू नका. तिच्यातून चित्र उलटं किंवा डावं-उजवं बदललेलं दिसतं. ताऱ्याला त्याने फरक पडत नाही, देवळाच्या शिखराला पडतो. खोक्यावर 525 पट वगैरे लिहिलेल्या 60-70 मिलिमीटरच्या दुर्बिणी मिळतात. रात्रीच्या उत्तम हवेतसुद्धा भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीपुढे पट नेण्यात अर्थ नसतो, म्हणजे 60 ला 120. दिवसाची तर गोष्टच सोडा. जमिनीवरचं पाहायला प्रिझम असलेली, चित्र सुलट देणारी दुर्बीणच हवी. शक्य असेल तर दोन डोळ्यांची घ्या. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना एक डोळा मिटून पाहणं जमत नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चेहरा सैल पडतो आणि दिसलं हा शब्द लवकर येतो.

पटीबरोबर हादराही मोठा होतो, तेव्हा पायाविषयी थोडं. लोखंडी मनोऱ्याच्या फळीवर दुर्बीण ठोकली तर शेजारचा माणूस चालला तरी चित्र थरथरतं. 20 पटीत ते कसंबसं सोसतं. जमिनीत पुरलेला, भोवतीच्या फरशीला कुठेही न चिकटलेला सिमेंटचा खांब करा, आणि त्यावर जाड लोखंडी बैठक. खांबाजवळ मुलांसाठी एक पायरी बांधा, पण खांबाला चिकटून नको. वारा जिथं थेट लागतो त्या टोकापासून थोडं आत सरका, दृश्य थोडं कमी झालं तरी चालेल.

दिशा निवडताना सूर्याचा विचार आधी. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि 20 पटीची दुर्बीण त्यासाठी पुरेशी आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या जागी लोक मावळतीला हमखास ती सूर्याकडे वळवतात. बैठकीतच लोखंडी अडथळे घाला, म्हणजे दुर्बीण क्षितिजाच्या वर उचलताच येऊ नये आणि मावळतीच्या पट्ट्यात वळूच नये. सूचनेच्या पाटीवर विसंबू नका, पाटी वाचता न येणारी मुलं डोंगरावर जास्त येतात. उत्तरेकडचं दृश्य असेल तर ते पहिलं निवडा. वर्षातला बराच काळ सूर्य आपल्या पाठीशी, दक्षिणेला राहतो आणि समोरचं शिवार नीट उजळतो. निलंग्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे जातो, पण तेव्हा तो इतका डोक्यावर असतो की अडचण होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी गावाच्या बैठकीत सहसा कुणी काढत नाही. दुर्बीण जशी विहीर दाखवते तसं अंगणही दाखवते. अर्ध्या किलोमीटरवरचं न्हाणीघराचं दार 60 पटीत आठ मीटरवर येतं. जवळच्या वस्तीतल्या बायकांना त्या टेकाडाखाली मोकळेपणाने वावरता आलं पाहिजे, आणि तो त्यांचा हक्क आपल्या करमणुकीहून मोठा आहे. 20 पटीतसुद्धा अर्धा किलोमीटर म्हणजे 25 मीटर होतात, तेव्हा नुसत्या पटीवर भागत नाही. खालच्या बाजूलाही अडथळा घाला, म्हणजे दुर्बीण जवळच्या घरांवर झुकणारच नाही. जागा ठरवण्याआधी त्या वस्तीतल्या बायकांना वर नेऊन दाखवा आणि त्यांना विचारा.

निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ किंवा खरोशाची लेणी यांच्या कोरीवकामासाठी मात्र ही मोठी दुर्बीण चालणार नाही. ती दहा-वीस मीटरच्या अलीकडे फोकसच होत नाही. तिथं हातात धरायची 7 किंवा 8 पटीची, दोन-तीन मीटरपर्यंत फोकस होणारी दुर्बीण न्या. दहा मीटर उंचीवरची मूर्ती सव्वा मीटरवर येते, दागिन्यांचे मणी मोजता येतात.

पैसे देण्याआधी चाचणी करा. पट बदलता येणारी दुर्बीण कुणाकडून तरी उसनी मिळवा, पक्षिनिरीक्षकांकडे असते. ठरलेल्या जागी ती तीनदा न्या: एकदा उन्हाळ्यात दुपारी, एकदा पावसाळ्यात उघडीप मिळाल्यावर, एकदा हिवाळ्यात सकाळी. प्रत्येक वेळी दहा जण बोलवा. त्यात आठ वर्षांचं पोर हवं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा हवेत, चष्मा लावणाऱ्या शिक्षिका हव्यात, आणि कधी दुर्बिणीला डोळा न लावलेली एक तरी आजी हवी. पट त्यांना सांगू नका. 15, 20, 30, 45 अशी बदलत जा, यादीतली एक वस्तू शोधायला सांगा आणि घड्याळ लावून ‘दिसलं’ म्हणेपर्यंतचे सेकंद लिहून घ्या. उन्हाळ्याच्या दुपारी ज्या पटीत दहातल्या नऊ जणांना दिसलं, ती तुमच्या जागेची पट. हिवाळ्याच्या सकाळी 45 पटीत काय सुंदर दिसलं, यावर निर्णय घेऊ नका, डोंगरावरची गर्दी यात्रेला असते आणि यात्रा बहुधा उन्हातच भरतात.

पट ठरली की बैठकीच्या गोल कडीवर रेघा मारून घ्या. प्रत्येक रेघेशी गावाचं नाव आणि अंतर, मराठीत, पितळेत कोरून. मोठी गावं लोक तशीही ओळखतात, तेव्हा जागा कमी पडली तर ती गाळा आणि वाड्या-तांड्यांची नावं आधी घाला. लिंबाळा, हाडगा यांसारखं मोठं गाव नाही सापडलं तरी माणूस विचारून घेतो. पाच-पंचवीस घरांच्या वस्तीवरून आलेल्या बाईला तिच्या वस्तीचं नाव त्या कडीवर दिसलं, की ती दुर्बीण बरोबर त्या रेघेवर आणून डोळा लावते.